लोकांना विचारण्याआधी

अनेक आशीर्वाद.

"लोकच ठरवणार असतील, तर डिझायनर म्हणून माझे काम उरतेच काय?" हा तुझा प्रश्न वाचून मी अस्वस्थ झालो, कारण आराखड्याबद्दल लोकांची मते घेण्याच्या बैठकीत गप्प बसून टिपणे घेणे म्हणजेच नम्रता, अशी तुझी समजूत झालेली दिसते. ती सोडून दे.

लोकांच्या उत्तराने काय बदलू शकते आणि काय बदलणार नाही, हे विचारण्याआधी त्यांना स्वच्छ सांगणे हे डिझायनरचे पहिले काम आहे. जागा, निधी, नियम यांपैकी काय आधीच ठरले आहे आणि अखेरची सही कोणाची आहे, हे पहिल्याच बैठकीत भिंतीवर लिहून लाव. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणे आणि मत विचारणे या पायऱ्या देखाव्याच्या गटात येतात, निर्णयातला खरा वाटा त्यांच्या वर सुरू होतो. आपली बैठक कोणत्या पायरीवर आहे हे तुलाच ठाऊक नसेल, तर लोकांना कसे कळावे?

आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. १९८१ ते १९८५ या काळातल्या 'युटोपिया' प्रकल्पात नॉर्डिक देशांतील छपाई कामगार आणि संशोधक यांनी पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याला लेझर प्रिंटर मानून उद्याचे काम आजच करून पाहिले. असे हाताळता येण्याजोगे काही घडवणे, हीच आपली विद्या. चकचकीत त्रिमितीय चित्र दाखवलेस, की लोक रंगांवर बोलतात. पुठ्ठ्याचा दरवाजा टेबलावर ठेवलास, तर मागच्या रांगेतली एखादी बाई उठून तो सरकवते आणि इथे व्हीलचेअर वळणार नाही, असे सांगते. मात्र दरवाजाची जागा आधीच पक्की झाली असेल, तर हा खेळ मांडूच नकोस. काय बदलू शकते ते आधी सांग. किती वेळा सांगू?

या हट्टापायी माझी कामे गेली. एके ठिकाणी आराखडा मंजूर झाल्यावर मते गोळा करायला सांगितले, तेव्हा मी नकार दिला. बैठका दुसऱ्याने घेतल्या, छायाचित्रे छापून आली, आराखडा होता तसाच राहिला. माझ्या नकाराने तिथल्या लोकांच्या पदरात काहीच पडले नाही, ही खंत आहे. तरीही मी पुन्हा नकारच देईन.

बैठकीनंतर त्याच लोकांकडे परत जा आणि कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली व का, हे स्वतःच्या नावाने सांग. 'लोकांनी सांगितले म्हणून केले' हे वाक्य तोंडी येऊ देऊ नकोस. व्हीलचेअरसाठीच्या उताराचे माप चुकले, तर ते तू काढलेले असेल. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका मला पाठव. काय बदलू शकते हा रकाना तिच्यात नसेल, तर मी ती न वाचता परत करीन.