दोन पावसाळे पडून राहिलेलं इंजिन: नोझल बदलण्याआधी डिझेल बघा

प्रश्न : सौर पंप बसल्यापासून आमचं पाच एचपीचं डिझेल इंजिन दोन वर्षं गोठ्यात पडून होतं. आता सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या आणि पावसानं उघडीप दिली. नाल्याचं पाणी उचलायला इंजिन काढलं, पण हँडल मारून मारून खांदे गेले तरी पांढऱ्या धुराशिवाय काही नाही. मिस्त्री म्हणतो नोझल आणि डिझेल पंप दोन्ही बदला. काय करावं? (ता. वसमत, जि. हिंगोली. गेवराई आणि औसा भागातूनही याच स्वरूपाची विचारणा झाली आहे.)

उत्तर : शेंगा भरताना ताण बसला तर दाणा बारीक राहतो, त्यामुळे तुमची घाई रास्त आहे. पण नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारा भाग) आणि डिझेल पंपावर आत्ताच पैसे घालू नका. पांढरा धूर येतो म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, फक्त जळत नाही. धूर अजिबातच नसता तर डिझेल वाटेतच अडलंय असं समजलं असतं.

आधी हँडल मारणं थांबवा आणि टाकीतलं जुनं डिझेल काचेच्या बाटलीत काढून तासभर उभं ठेवा. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं आतून दव धरतं आणि ते पाणी तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जिवाणू-बुरशी वाढून तपकिरी, बुळबुळीत थर तयार होतो. बाटलीत तसा थर किंवा खाली पाणी दिसलं, तर ते डिझेल परत वापरू नका, गाळूनसुद्धा नाही. टाकी उतरवून ताज्या डिझेलनं धुवा, फिल्टर नवा टाका. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बघा. सायलेन्सर आणि एअर क्लीनरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं, ते टोकरून काढा. जुनं इंजिन ऑइल बदला.

आता एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढा. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की आवळा. मग तेच पंपावरच्या स्क्रूला करा. शेवटी नोझलकडचा नट थोडा ढिला करून, डी-कॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरातला दाब सोडणारा खटका) उचलून, इंजिन हळू फिरवा. नट आवळल्यावर हँडल फिरवताना नोझलमधून कर्र-कर्र असा आवाज यायला हवा. तो आला तर नोझलची सुई उघडते आहे.

आवाज नसेल किंवा धूर तसाच असेल, तर नोझल काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्टरवर लावा. अशा इंजिनाचं नोझल दर चौरस सेंटिमीटरला साधारण 200 किलोच्या दाबाला उघडतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. धुक्यासारखा फवारा उडून झटकन बंद व्हायला हवा. टोकाला थेंब लोंबत असेल, तर सुईवर गंज किंवा चिकटा धरला आहे. पुष्कळदा हे नोझल खोलून, ताज्या डिझेलमध्ये भिजवून, पितळी ब्रशनं साफ केल्यावर चालतं. सुई आणि तिचं घर ही जोडी आहे. त्यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणून एकाची सुई दुसऱ्यात घालू नका. भोकात तार किंवा टाचणी तर कधीच नको. भोक मोठं झालं की ते नोझल बाद. परत बसवताना तांब्याचा वॉशर नवा घाला, पण जुना भोकात चिकटून राहिला नाही ना, ते टॉर्चनं पाहा. दोन वॉशर झाले तर फवारा चुकीच्या जागी पडतो.

एक धोका कळकळीनं सांगतो. फवाऱ्यापुढं बोट धरून नोझल तपासू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि बोट किंवा हात गमवावा लागतो. असं झालं तर त्याच वेळी रुग्णालय गाठा आणि दाबाचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

नोझल ठीक असूनही धूर पांढराच असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा नीट दाबली जाते का, बघा. लिव्हर खाली टाकून हँडल फिरवताना जोरदार अडथळा जाणवला पाहिजे. तो नसेल तर नोझलच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि लिव्हर उचलून काही फेरे फिरवा. जास्त ओतू नका. ऑइल दाबलं जात नाही, इंजिन अडकून वाकतं-तुटतं. यानंतर कॉम्प्रेशन वाढलं तर पिस्टनच्या रिंगा चिकटल्यात किंवा झिजल्यात, दोष नोझलचा नव्हताच.

डिझेल पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) हातानं सरकते का, हे सुरू करण्याआधी नक्की पाहा. पडून राहिलेल्या पंपात ती जाम होते. पूर्ण उघडी असताना जाम झालेली असेल, तर इंजिन सुरू होताच सुसाट पळतं आणि थांबत नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना एकजण जाड फळी घेऊन एअर क्लीनरजवळ उभा राहू द्या. इंजिन पळालं तर फळीनं हवेचं तोंड दाबून बंद करायचं, हातानं नाही. पंप खरोखर बदलायची वेळ रॅक किंवा एलिमेंट (पंपातला डिझेल दाबणारा भाग) गंजून धरलं असेल तरच येते.

औशाच्या शेतकऱ्यांनी हेच ट्रॅक्टरला चालेल का विचारलंय. जुन्या, साध्या पंपाच्या ट्रॅक्टरला डिझेल, फिल्टर आणि एअरची रीत हीच. पण 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे निकष लागू झाले, आणि त्यांत बहुतेक कॉमन रेल यंत्रणा (एकाच नळीत मोठ्या दाबानं डिझेल ठेवून सगळ्या नोझलना देणारी) आली. तिथं दाब हजार बारच्या (1 बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो) पुढं असतो. नोझलकडचा नट ढिला करून एअर काढण्याचा प्रकार त्या ट्रॅक्टरवर बिलकुल करू नका; जुनं डिझेल काढा, फिल्टर बदला आणि पुढचं काम अधिकृत कारागिराला करू द्या.