जुनं टॉम अँड जेरी इतकं भारी का वाटतं?

प्रश्न: मुलांसोबत टॉम अँड जेरी बघतो, पण जुने भाग लागले की मीच हलत नाही. नव्यात ती मजा का नाही?

उत्तर: कारण ते जुने भाग टीव्हीसाठी नव्हतेच हो, थेटरात मोठ्या पडद्यावर सिनेमाच्या आधी दाखवायला एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने बनवलेले, साधारण सात मिनिटांचे. हॅना आणि बार्बेरा या दिग्दर्शक जोडीने १९४० ते १९५८ हेच केलं आणि त्या भागांना सात ऑस्कर मिळाले. पुढे टीव्हीचं बजेट तुटपुंजं, मग चित्रं कमी आणि हालचाल अर्धवट.

'द कॅट कॉन्सर्टो' (१९४७) परत लावा आणि या वेळी फक्त टॉमचे हात बघा. कोट घालून तो लिस्ट या संगीतकाराची रॅप्सडी (पियानोवरची एक जोशपूर्ण रचना) वाजवतोय, चेहरा एकदम रुबाबदार, आणि आत पियानोच्या हातोड्यांवर झोपलेला जेरी प्रत्येक सुराबरोबर वर उडतोय, सूर आणि चित्र इतकं घट्ट बसलंय की मला अजून अंगावर काटा येतो! संगीत स्कॉट ब्रॅडली यांचं, तेही खऱ्या ऑर्केस्ट्राचं. आणि हो, टॉमची ती फेमस किंकाळी खुद्द हॅनांचीच.

केन म्यूज, एड बार्ज, आयर्व्हन स्पेन्स ही ॲनिमेटर मंडळींची नावं सुरुवातीच्या पाटीवर असतात, मुलांना वाचून दाखवा.