जुन्या विंचेस्टर १८९७ पंप शॉटगनमध्ये अमेरिकेतल्या फार्म स्टोअरची स्वस्त १२ बोअर काडतुसं चालतील का?

चालतील, पण आधी गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) चेंबरची, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीची, लांबी मोजून घ्या. या मॉडेलच्या सुरुवातीच्या बंदुकांत चेंबर २ ५/८ इंची असे, आजचं साधं काडतूस पावणेतीन इंची. ही लांबी उडाल्यावर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते, म्हणून न उडालेलं काडतूस आखूड चेंबरमध्येही सहज बसतं. पण उडताना तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नुसतं बसलं म्हणून वापरू नका!

चेंबर पावणेतीन इंची निघालं तर २५ च्या खोक्यातली हलकी टार्गेट काडतुसं घ्या: १ औंस शिसं, साडेसात किंवा ८ नंबरचे छरे. पोलादी छरे नकोत, जुन्या फुल चोकपाशी (बॅरलच्या तोंडाकडच्या खूप अरुंद केलेल्या भागापाशी) बॅरल फुगू शकते. स्वस्त काडतुसांचं बूड बऱ्याचदा पितळेचा मुलामा दिलेलं पोलादी असतं. ते खरबरीत चेंबरमध्ये अडकतं आणि पंप (रिकामं काडतूस बाहेर काढायला हाताने मागे ओढायची मूठ) मागे येत नाही. म्हणून आधी एकच खोकं आणून बघा.