आईची मोबिलिटी स्कूटर लंडनला नेता येईल का? तयारी काय करावी?

नेता येते. मी नेली आहे.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ७१, घरात भिंतीला धरून चार पावलं टाकतात, बाहेर बॅटरीवरची, बसून चालवायची घडीची स्कूटर लागते आणि तुमच्या भावाकडे लंडनला महिनाभर राहायचंय. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. कॅलिपर, म्हणजे पायाचा आधार, लावून थोडं चालते, बाकी सगळं स्कूटरवर. नाशिकहून बहिणीकडे लंडनजवळ रेडिंगला सहा आठवडे राहून आले, त्यावरून सांगते.

तिकीट काढायच्या आधी बॅटरीवरचं लेबल वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. माझी २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची, म्हणजे २४०. लिथियम बॅटरी काढता येणारी असेल आणि एकच असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंत चालते. दोन बसवलेल्या असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. काढलेली बॅटरी चेक-इनच्या सामानात टाकायची नाही. ती आपल्यासोबत केबिनमध्ये न्यायची, टोकांना चिकटपट्टी लावून, वेगळ्या पिशवीत. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची असेल तर गुणाकार ३६० येतो आणि ती केबिनमध्ये नेता येत नाही. तसं असेल तर आपली स्कूटर घरी ठेवा, साधी घडीची व्हीलचेअर न्या आणि तिथे स्कूटर भाड्याने घ्या. ब्रिटनमध्ये बऱ्याच गावांत शॉपमोबिलिटी नावाची सोय असते, तिथे स्कूटर मिळते.

माझ्या बॅटरीवरचं लेबल घासून पुसट झालं होतं. विक्रेत्याकडून लेटरहेडवर आकडे लिहून घेतले म्हणून निभावलं. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलाचा हट्ट होता की बॅटरी स्कूटरमध्येच राहू द्या. त्याला विमान कंपनीचाच ईमेल छापून दाखवला, तेव्हा तो वरिष्ठांना विचारायला गेला आणि वीस मिनिटांनी मान डोलावत परत आला. तेव्हा परवानगी फोनवर नको. ईमेलवर घ्या आणि त्याच्या तीन प्रती जवळ ठेवा.

त्या ईमेलमध्ये घडी केलेल्या स्कूटरची लांबी-रुंदी-उंची, वजन, बॅटरीचे वॉट-अवर आणि एक फोटो द्या. नियमाने उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवलं तरी चालतं, पण मी तिकीट काढलं त्याच दिवशी कळवलं. स्कूटरचं वजन तुमच्या सामानात धरत नाहीत, ती फुकट जाते.

मदतीचा प्रकार नीट निवडा. नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हटलं की बहुतेक वेळा डब्ल्यूसीएचआर हा कोड टाकतात. त्याचा अर्थ, लांब चालवत नाही पण जिने चढता येतात. जिने जमत नसतील तर डब्ल्यूसीएचएस, आणि सीटपर्यंतही उचलूनच न्यावं लागत असेल तर डब्ल्यूसीएचसी. हा फरक विमान एरोब्रिजला (दारापर्यंत नेणाऱ्या पुलाला) न लागता दूर उभं राहिलं की कळतो. तिथे शिडी असते, आणि अँब्युलिफ्ट (दारापर्यंत वर उचलणारी गाडी) मागवायची की नाही हे त्या कोडवर ठरतं. आईंसाठी डब्ल्यूसीएचएस तरी लागेल असं मला दिसतं. आपल्याकडे रांग टाळायला व्हीलचेअर मागणारेही खूप, त्यामुळे मदतनीस यायला वेळ लागतो. चार तास आधी पोचा.

शक्यतो मुंबई-लंडन थेट विमान घ्या, भले दहा-पंधरा हजार जास्त जावोत. मधे विमान बदललं की स्कूटर आणखी एकदा उतरते-चढते, आणि मोडतोड होते ती याच चढउतारात. स्कूटर विमानाच्या दाराशीच परत हवी, हे काउंटरवर सांगून तसा टॅग लावून घ्या. माझी तरीही बेल्टवर गेली आणि एका बाजूचा आरसा तुटून आला. तिथेच, विमानतळाबाहेर पडायच्या आत तक्रार लिहून दिली. निघताना चारी बाजूंनी फोटो काढले होते, ते कामाला आले. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार सामानाच्या भरपाईला १,५१९ एसडीआरची (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) मर्यादा आहे, म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन ते दोन लाख रुपये. तुमची स्कूटर त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी जादा किमतीचं विशेष घोषणापत्र देता येतं, त्यासाठी वेगळे पैसे पडू शकतात. प्रवास विम्यात स्कूटर धरली आहे का, तेही वाचून घ्या. गादी, आरसे, किल्ली असं जे जे निघतं ते काढून हातातल्या बॅगेत. स्कूटर न्यूट्रलला टाकायचा खटका कुठे आहे, हे मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून हँडलला बांधा. लोडरला ते कळलं नाही तर तो ओढतच नेतो.

विमानात पाणी पिणं बंद करू नका. बायका हमखास करतात, मीही केलं, आणि उतरल्यावर दोन दिवस डोकं धरून बसले. दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानात केबिन क्रूकडे अरुंद व्हीलचेअर असते, ती मागायची. टॉयलेटजवळची, हात वर होणारी सीट आधीच मागून ठेवा.

लंडनमध्ये फिरणं मात्र मला नाशिकपेक्षा सोपं गेलं, खोटं कशाला सांगू. तिथल्या सगळ्या काळ्या टॅक्सींना रॅम्प असतो. सगळ्या बस खालच्या पायरीच्या, त्यांनाही रॅम्प. व्हीलचेअर किंवा स्कूटरवर असाल तर बसला पैसेही पडत नाहीत. स्कूटर मात्र ६० सेंटीमीटरपेक्षा रुंद आणि १०० पेक्षा लांब नको. भुयारी रेल्वेची बरीच स्टेशनं अजून जिन्यांचीच आहेत, म्हणून नकाशावरचं व्हीलचेअरचं चिन्ह बघा. निळ्या वर्तुळात असेल तर रस्त्यापासून डब्यापर्यंत पायरी नाही. पांढऱ्या वर्तुळात असेल तर फक्त फलाटापर्यंत. एलिझाबेथ लाईन या रेल्वेमार्गाच्या सगळ्या स्टेशनांत फलाटापर्यंत पायरी लागत नाही. मी रेडिंगहून लंडनला तिनेच जायचे. चार्जर चालतो, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. पाऊस कधीही येतो, स्कूटरच्या बटणांवर घालायला प्लास्टिकची टोपी न्या.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. मी विमानाची, बसची, रेल्वेची सगळी चौकशी केली, पण बहिणीचं घर गृहीत धरलं. बहिणीचंच घर, त्यात काय विचारायचं! तिकडची जुनी घरं एकमेकांना चिकटलेली, उभी, अरुंद. तिच्या दाराशी दोन पायऱ्या. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, झोपायची खोली वर, आणि संडास-बाथरूमही वरच. मधे तेरा पायऱ्यांचा जिना, कठडा एकाच बाजूला. पहिले तीन दिवस मी उलटी बसून एकेक पायरी सरकत वर जात होते, आणि बहीण खाली उभी राहून रडत होती. मग खाली सोफा-कम-बेड टाकला, कमोडची खुर्ची आणली आणि अंघोळ एक दिवसाआड वर. दाराच्या पायऱ्यांना मेहुण्यांनी फळी लावली, ती इतकी उभी होती की स्कूटर मागे कलंडायला लागली. उतार हवा तर एक इंच उंचीला एक फूट लांबी लागते. दोन पायऱ्या मिळून चौदा इंच, म्हणजे चौदा फुटांची फळी रस्त्यावरच गेली असती. शेवटी स्कूटर बाहेर ताडपत्रीखाली ठेवून मी कुबडीवर आत जायचे आणि बॅटरी काढून घरात चार्ज करायचे.

म्हणून भावाला आजच फोन करा. दाराशी पायऱ्या किती, उंची किती, खाली संडास आहे का, त्याच्या दाराची मोकळी रुंदी किती, आई झोपणार कुठे. ‘होईल काहीतरी’ असं म्हणाला तर व्हिडिओ कॉल लावा आणि त्याला टेप घेऊन दारात उभं करा.