वाचक विचारतात : डॉबीवर हत्ती निघत नाही

या वेळी टेक्स्टाईल डिझाईनवाल्या पोरापोरींचे प्रश्न जास्त आलेत, सबमिशन जवळ आलेलं दिसतंय. एका आईचंही पत्र आहे, ते शेवटी घेतलंय.

प्रश्न : ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. विव्हिंगच्या प्रोजेक्टला खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर घेतलं, तिथले हत्ती काढले, मूडबोर्ड झाला, कलरवे म्हणजे रंगसंगतीचे पर्याय झाले, वर्गात सगळ्यांना आवडलं. आता इचलकरंजीत कापड विणून घ्यायला गेले तर कारखानदार म्हणतात आमच्याकडं डॉबी आहे, हे निघणार नाही, आणि दोन मीटरसाठी तर नाहीच नाही. काय करू?

उत्तर : बरोबरच सांगितलंय की त्यांनी. डॉबी म्हणजे मागावरची नक्षी पाडायची जोडणी, तिच्यात ताण्याचे, म्हणजे उभे, धागे गटानं उचलले जातात, एका चौकटीत ओवलेले सगळे एकदम वर, आणि चौकटी असून असून किती, सोळा नाहीतर वीस. त्यात बारीक चौकडी, शंकरपाळी, पट्टे असलं छान निघतं पण सोंड वळवायची म्हटली की धागा न् धागा वेगळा उचलायला लागतो, त्याला जॅकार्डचा माग लागतो. आणि पैठणीवरचा मोर साध्या मागावर निघतोच की असं म्हणू नकोस, तिथं विणकर रंगारंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, हातानं घालत बसतो, यंत्रमागावर ते कोण करणार!

हत्ती सोड आणि त्याच देवळातले खांब बघ. एकाच खांबात खाली चौकोन, वर अष्टकोन, मग गोल, मध्ये बारीक कंगोरे, एकावर एक नुसत्या आडव्या पट्ट्या. ते डॉबीला झेपतं, आणि खरं सांगू का, हत्तीपेक्षा ते जास्त खिद्रापूर वाटेल, हत्ती काय प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी काढतंच.

आता दोन मीटरचं. ४८ इंच पन्हा आणि इंचाला ६० धागे धरले तर ताण्यात २,८८० धागे झाले, त्यातला एकेक वईतून (धागा उचलणाऱ्या तारेच्या डोळ्यातून) आणि फणीतून ओवायचा, वहिफणीवाल्या कामगारांचं ते कामच आहे आणि त्याला वेळ लागतो. तुझ्या दोन मीटरसाठी एवढं कोण करणार? म्हणून नवीन बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, मागूच नकोस. चालू बीम संपत आलेला माग कुठला आहे ते विचार, ताणा आहे तोच राहू दे आणि तू फक्त बाणा बदल. एकदा जाड सूत, एकदा चमकदार मर्सराईज्ड, रंग वेगळा, पिक (इंचातले बाण्याचे धागे) कमीजास्त. त्याच ताण्यावर पाच-सहा वेगळे तुकडे सहज निघतील आणि ज्युरीला दाखवायला खरं कापड हातात येईल. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरशी नीट बोल, चहा पाज, मागातलं त्याला जेवढं कळतं तेवढं पुस्तकात मिळायचं नाही. कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर असते, तुझ्यासाठी माग थांबला तर नुकसान त्याचं, त्यामुळं ते पैसे आधीच बोलून घे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला तेव्हापासूनचं हे गाव आपल्या इतक्या जवळ, आणि आपली पोरं चालू माग बघतात कधी तर शीट सगळ्या रंगवून झाल्यावर! पुढच्या वेळी आधी माग बघून ये, मग पेन्सिल उचल.

प्रश्न : बीट, जास्वंद आणि हळदीनं कॉटनचे स्वॉच (नमुन्याचे तुकडे) रंगवले, व्हिडिओत बघून मीठ आणि व्हिनेगरपण घातलं. दोन धुण्यात सगळं गेलं. नॅचरल डाय असंच असतं का?

उत्तर : नाही रे, बीट कॉटनला धरतच नाही, मीठ घाल नाहीतर काय घाल. हळद चढते झकास पण उन्हात उडते. कॉटनला आधी तयार करावं लागतं. धुण्याच्या सोड्यात उकळून कापडातली खळ काढ, मग हिरड्याच्या पाण्यात भिजव, हिरडा आपल्या सह्याद्रीतलाच, काष्ठौषधीच्या दुकानात पावडर मिळते. कापड पिवळसर होईल, वाळव आणि मग तुरटी, १०० ग्रॅम कोरड्या कापडाला १५ ग्रॅमच्या आसपास. त्यावर मंजिष्ठा घातलीस तर लाल येतो, डाळिंबाच्या सालीचा पिवळा येतो. हिरड्याच्याच कापडाला गंजलेल्या लोखंडाचं पाणी लागलं तर राखाडी-काळा. प्रत्येक स्वॉच अर्धा पुठ्ठ्यानं झाकून दोन आठवडे खिडकीत उन्हाला ठेव आणि उडालेला अर्धा भागपण फाईलला लाव, लपवू नकोस.

प्रश्न : प्रिंटचा रिपीट (पुन्हा पुन्हा छापायचा नक्षीचा तुकडा) कागदावर चांगला दिसतो, कापडावर पट्टे पडल्यासारखे का दिसतात?

उत्तर : एकच रिपीट बघत बसलीयस म्हणून. नऊ कॉप्या काढून जमिनीवर जोड, लांब उभी राहा, डोळे बारीक कर. मोकळी जागा सलग दिसली की तोच पट्टा. हाफ-ड्रॉप करून बघ, म्हणजे शेजारची रांग अर्ध्या रिपीटनं खाली सरकव, बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

प्रश्न : माझी मुलगी सुट्टीत प्रोजेक्टसाठी पट्टणकोडोलीला घोंगडी विणणाऱ्यांकडं जाते म्हणते. एवढी फी भरून घोंगडीच शिकायची होती का? (एक आई, गडहिंग्लज)

उत्तर : वहिनी, जाऊ द्या तिला. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, नुसता ताणा लावला तर मागावर तुटतो, म्हणून चिंचोक्याची खळ शिजवून ब्रशनं ताण्याला चोळतात, वाळवतात, मग विणायला घेतात. रंग द्यायची गरज नाही, काळा, पांढरा, करडा सगळा मेंढीच्या अंगचा. हे बघितलेली मुलगी उद्या फर्निशिंगच्या कंपनीत गेली तर तिला सूत हातात घेऊन काहीतरी सांगता येईल.

फक्त दोन गोष्टी तिला बजावून सांगा. विणून घेतलेल्या तुकड्याचे पैसे पूर्ण द्यायचे, प्रोजेक्ट आहे म्हणून फुकट नाही. आणि विणकराला विचारून त्यांचं नाव शीटवर घालायचं. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा आपण सगळ्यांनी केवढी बोंब ठोकली, मग आपल्या पोरांनी तेच करून कसं चालेल? तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेच्या दिवसांत मात्र पाठवू नका, भंडाऱ्याच्या हळदीत न्हाऊन येईल आणि मागावर बसलेलं कुणी सापडायचं नाही.