‘कॅडेन्स’ : विसावा, लय की गती?

प्रश्न : संगीताच्या पुस्तकात ‘कॅडेन्स’ म्हणजे सुरावटीचा शेवट, तर सायकलस्वारांच्या बोलण्यात तो वेग असल्यासारखा वाटतो. हा शब्द एकच आहे का?

उत्तर : शब्द एकच असून त्याचे मूळ ‘पडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. पाश्चात्त्य संगीतात सुरावट जिथे विसावते, तेथील स्वरमेळांच्या (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या) क्रमाला कॅडेन्स म्हणतात. पंचमावरील स्वरमेळाकडून षड्जावरील स्वरमेळाकडे येताच पूर्णविराम मिळाल्यासारखे वाटते, उलट पंचमावरच थांबल्यास वाक्य स्वल्पविरामाशी अडल्याप्रमाणे कान पुढच्या स्वरांची वाट पाहत राहतो, आणि माझ्या मते या अपेक्षेतच या संज्ञेचे खरे सौंदर्य आहे. भाषेतही विधान संपताना आवाज सहसा खाली उतरतो. त्यावरून बोलण्याची वा गद्याची लय, असा अर्थ रुळला. (ही लय मोठ्याने वाचल्यावर अधिक नीट कळते.) खेळात मात्र उतरण्याची कल्पना मागे पडून गणती उरली : सायकलिंगमध्ये पेडलची मिनिटाला होणारी आवर्तने, धावण्यात मिनिटाला पडणारी पावले. तेव्हा तो वेग नव्हे; मिनिटाला ९० आवर्तने कायम ठेवूनही गिअर बदलताच सायकलचा वेग बदलतो.