केदारकंठा ट्रेकसाठी मफलर घ्यावा की विणलेला नेक वॉर्मर?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरअखेर उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जाताना घरातला मफलर पुरेल का, आणि आई विणकाम करते तर तिच्याकडून काय विणून घ्यावं. मी हिवाळ्यात त्या भागात जाऊन आलेय आणि विणतेही. नेक वॉर्मरच विणून घ्या.

मफलरची टोकं सॅकच्या पट्ट्यांत अडकतात, आणि जॅकेटच्या आत त्याची गाठ हनुवटीखाली रुतते. नेक वॉर्मर म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी नळी. ती डोक्यातून सहज जायला हवी आणि गळ्याशी आल्यावर पुन्हा मिटायला हवी. हे साधतं 2 सुलट 2 उलट या विणीत, कारण ती रबरासारखी ताणते आणि आवळते. नुसती सुलट वीण गळ्याभोवती सैल पडते आणि वारा आत शिरतो.

मध्यम जाडीची लोकर, 8 नंबरची गोल सुई, 104 टाके. पहिली ओळ जोडताना टाक्यांना पीळ पडलेला नाही ना, हे नीट बघायला सांगा. नंतर तो काढता येत नाही. गोल सुई नसेल तर साध्या सुयांवर विणून बाजू शिवली तरी चालेल. उंची 24 सेंटीमीटर ठेवा, म्हणजे वर ओढली की नाक झाकतं. 100 ग्रॅम लोकर पुरून उरते. टाके बंद करताना मात्र 6 नंबरची, म्हणजे जास्त जाड, सुई घ्यावी. माझा पहिला नेक वॉर्मर घट्ट बंद केला गेला आणि कानांच्या वर जाऊन अडकला. सगळी कड उसवावी लागली.

लोकर निवडताना घाई करू नका. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. धाग्याचा तुकडा जाळून बघा: खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते. खरी लोकर वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषूनही ओली लागत नाही. चढताना घाम येतो आणि थांबलात की गार वारा लागतो, तिथे हा फरक जाणवतो. पण खरी म्हणून कुठलीही घेऊ नका. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, गळ्याच्या कातडीला मात्र टोचते. मेरिनो मेंढीची मऊ लोकर घ्या, महाग पडली तरी.

शिखर 3,810 मीटरवर आहे आणि त्या दिवशी पहाटे अंधारातच निघतात. तेव्हा नाकावर ओढलेला भाग श्वासाने ओला होऊन कडक होतो. नळीला पुढचं-मागचं नसतं, त्यामुळे ती फिरवून कोरडा भाग तोंडावर आणा. सॅकमध्ये एक जादा ठेवलात तर फारच बरं.

धुताना गार पाणी वापरा आणि पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. गरम पाण्यात चोळलीत तर ती आटून जाड होते.

आणि निघण्याच्या आधी घरीच जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून बघा. घड्या साचून चेन अडत असेल तर बंद केलेल्या कडेकडून चार सेंटीमीटर उसवून पुन्हा टाके बंद करायला सांगा. तासाभराचं काम आहे.